गॅमा कॅमेऱ्याचा हिशेब



अर्थशास्त्राच्या माणसाने किरणोत्सर्गाच्या डिटेक्टरवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु ज्या मालाचा साठाच करता येत नाही, तो काटकसरीने कसा वापरावा, हा प्रश्न आमच्याच शास्त्रातला आहे.

अणुवैद्यकात सर्वाधिक वापरला जाणारा टेक्नेशियम-99 एम दर सहा तासांनी निम्मा होतो. ज्यापासून तो मिळतो, तो मॉलिब्डेनम-99 सुमारे 66 तासांत. मे 2009 मध्ये कॅनडातील चॉक रिव्हर येथील अणुभट्टी जड पाण्याच्या गळतीमुळे बंद पडली, ती ऑगस्ट 2010 पर्यंत. त्यातच 2010 मध्ये नेदरलँड्समधील पेटन येथील अणुभट्टीही काही महिने दुरुस्तीसाठी थांबली. अनेक देशांत तपासण्या लांबणीवर पडल्या. हृदयाच्या तपासणीसाठी काही ठिकाणी, रुग्णाला अधिक किरणमात्रा देणाऱ्या थॅलियम-201 कडे पुन्हा वळावे लागले.

आता हा दुर्मिळ माल आपण वापरतो कसा? हॅल अँगर यांनी 1950 च्या दशकात कॅलिफोर्नियात तयार केलेल्या गॅमा कॅमेऱ्याचे तत्त्व आजही बव्हंशी तेच आहे. रुग्णाच्या शरीरातून निघालेले गॅमा किरण शिशाच्या सच्छिद्र पत्र्यातून सोडियम आयोडाइडच्या स्फटिकावर पडतात. तेथे क्षीण प्रकाश चमकतो आणि प्रकाशगुणक नलिका त्याचा विद्युत संकेत बनवतात. किरण कोठून आला हे कळावे म्हणून हा पत्रा तिरपे किरण अडवतो. परिणामी दहा हजारांतून जेमतेम एखादा किरण चित्राच्या कामी येतो! एवढी नासाडी कोणताही कारखानदार खपवून घेणार नाही.

कॅडमियम झिंक टेल्युराइड या अर्धवाहकाचे डिटेक्टर प्रकाशाचा मधला टप्पा गाळून किरणाचे थेट विद्युत संकेतात रूपांतर करतात. किरणाची ऊर्जा अधिक अचूक कळत असल्याने शरीरात विखुरलेले किरण वेगळे काढता येतात. असे लहान डिटेक्टर हृदयावर रोखून बसवले की पंधरा-वीस मिनिटांचे चित्रण काही मिनिटांत आटोपते. किंवा वेळ तोच ठेवून औषधाची मात्रा कमी करता येते. दोन्ही लाभ एकाच वेळी पूर्णपणे मिळत नाहीत. पाठ्यपुस्तकातील 'संधी व्यय' तो हाच.

अर्थात निर्दोष स्फटिक वाढवणे कठीण, म्हणून हे यंत्र महाग. निविदेत केवळ खरेदीची किंमत पाहिली तर जुना कॅमेरा जिंकेल. दर तपासणीमागील खर्च, वाचलेले औषध आणि रुग्णाची टळलेली किरणमात्रा मांडली, तर गर्दीच्या रुग्णालयात निकाल उलटू शकतो. मात्र जेथे दिवसाला चार-पाचच रुग्ण येतात, तेथे वाचलेली मिनिटे रिकामीच जाणार. तेथे जुना कॅमेरा ठेवून तो चालवणारा तंत्रज्ञ नेमावा, असे मी म्हणेन.