वजनकाटा सांगत नाही ते



बावीस वर्षं मी लोकांची वजनं घेतली. पश्चिम लंडनमधल्या एका जीपीच्या दवाखान्यात मी नर्स होते. आपली माणसं यायची, काट्यावर चढण्याआधी चपला काढायची, मग जाकीट, मग घड्याळ. एका आजोबांनी तर एकदा कवळी काढून खिशात ठेवली होती. खिशातली कवळीही काट्याला कळतेच, पण त्यांना तेवढंच बरं वाटलं.

त्यामुळे 'साठीनंतरचं वजन' या विषयावर थोडा वेळ बोलाल का, असं विचारल्यावर मी लगेच हो म्हटलं. घरी येऊन कागद-पेन घेऊन बसले, तेव्हा लक्षात आलं की या विषयावर खरं बोलायचं तर आधी स्वतःची फजिती सांगावी लागेल. ती सांगते.

अठ्ठावन्नाव्या वर्षी माझं वजन ६६ किलो होतं. उंची पाच फूट दोन इंच. मुलीचं लग्न ठरलं आणि मी मनावर घेतलं. सकाळी नुसता चहा, दुपारी सॅलड, रात्री सूप. पोळी बंद, भात बंद, तुपाची बरणी कपाटात मागे. शिवाय रोज दहा हजार पावलं. सात महिन्यांत नऊ किलो उतरले. लग्नात जो भेटेल तो म्हणे, "अगं, काय बारीक झालीस! काय करतेस सांग ना." मीही सांगत सुटले. किती जणींना तो सल्ला दिला, याचा आज हिशोब करवत नाही.

त्याच वर्षी गणपतीत हॉलमध्ये सतरंजीवर बसून अथर्वशीर्षाची आवर्तनं केली. तासाभराने आरतीला सगळे उठले आणि मी उठेना. गुडघे दुखत नव्हते, काही नाही. मांड्यांत जोरच नव्हता. शेजारच्या मुलाने हात दिला, मी "पायाला मुंग्या आल्या" म्हणून हसून वेळ मारून नेली. जानेवारीत घराबाहेर बर्फावर पाय सरकला. तोल सावरता आला नाही, हात टेकला आणि मनगट मोडलं. पुढे डेक्सा स्कॅन झाला, हाडांची घनता मोजतात तो, आणि हाडं ठिसूळ झाल्याचं निघालं.

आता यात नवल असं काहीच नव्हतं. नर्स म्हणून मला हे सगळं माहीत असायला हवं होतं, आणि खरं म्हणजे माहीत होतंही. तिशी-पस्तिशीनंतर आपले स्नायू हळूहळू कमी होत जातात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. पाळी गेल्यावर बायकांची हाडं झपाट्याने विरळ होऊ लागतात. अशा वयात तुम्ही नुसतं खाणं तोडलंत की शरीर केवळ चरबी काढून देत नाही. उतरलेल्या वजनात बऱ्याचदा पाव हिस्सा स्नायूंचा असतो. प्रथिनं कमी पडली आणि जोराचा व्यायाम नसला तर आणखी. पुढे कंटाळून आपण पूर्ववत खायला लागतो, वजन परत येतं, तेव्हा ते मात्र बहुतेक चरबीच्या रूपाने येतं. काटा पुन्हा ६६ दाखवतो, पण ते पहिलं ६६ नसतं.

याच्या उलट गोष्ट आमच्या ह्यांची. हे आयुष्यभर काडीपैलवान. कधी पोट सुटल्याचं दिसलं नाही, त्यामुळे चकली-चिवड्याचे डबे यांच्या हवाली. चाळीस ते चौऱ्याहत्तर वयोगटासाठी इंग्लंडमध्ये दर पाच वर्षांनी एनएचएस हेल्थ चेक असतो. त्याचं पत्र आलं की हे म्हणायचे, "मला कशाला?" शेवटी मी ओढून नेलं. एचबीए१सी आलं ५१. इथल्या मापात ४८ किंवा त्यापुढे म्हणजे मधुमेह.

हे कसं, ते समजून घ्यायचं तर पुण्याला जावं लागतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन या दोन मित्रांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबी. आपल्याकडची पुष्कळ माणसं अशीच असतात, आणि ही चरबी पोटात, यकृताभोवती साठते. म्हणून इथल्या नियमांत दक्षिण आशियाई माणसांसाठी बीएमआयची रेषा खाली आणली आहे. गोऱ्या माणसाला २५च्या पुढे जास्त वजन म्हणतात, आपल्याला २३च्या पुढेच. त्यांना ३०ला लठ्ठपणा, आपल्याला २७.५ला. ऑनलाइन हिशोब करताना तुमचा वंश विचारत नसेल तर तो आकडा तुमच्यासाठी नाही, असं समजा.

घरात मोजपट्टी असेलच. ती काट्यापेक्षा कामाची. उंचीच्या निम्म्यापेक्षा कंबर कमी हवी, इतकं साधं माप आहे. मी बासष्ट इंच, तर माझी कंबर एकतीसच्या आत. फक्त कंबर कुठे मोजायची, यात सगळे फसवतात. जिथे नाडी बांधता तिथे नाही. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता. बावीस वर्षांच्या अनुभवाने सांगते, पुरुष इथे जास्त फसवतात.

आता जेवण. मनगट प्लास्टरमध्ये होतं तेव्हा डाव्या हाताने मी आठवडाभर वहीत सगळं लिहून काढलं. पुन्हा पोळी-भात खायला लागले होते, तरी दिवसाची प्रथिनं जेमतेम ३५ ग्रॅम भरत होती. उतारवयात वजनाच्या दर किलोमागे निदान एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं हवीत असं या विषयातले तज्ज्ञ सांगतात, म्हणजे मला ६०च्या आसपास. (किडनीचा त्रास असेल त्यांनी हा आकडा धरू नये, आधी डॉक्टरांना विचारावं.) आपल्याला वाटतं, आपण रोज वरण खातो की. अहो, ते वरण कसलं, पिवळं पाणी! वाटीभर पातळ वरणात पाच-सहा ग्रॅम. पोळीत तीन. पोह्यांत नावाला. आणि उपासाची साबुदाणा खिचडी म्हणजे निव्वळ पीठ आणि तूप, दाण्याचं कूट असतं तेवढाच जीव. उपास करू नका असं मी म्हणत नाही, पण त्याला हलकं खाणं म्हणू नका.

मी केलं ते इतकंच. वरण घट्ट केलं. मटकी, मूग, चवळी यांची उसळ तोंडी लावण्यापुरती होती, ती ताटात मुख्य जागी आणली. सकाळी दोन अंडी, किंवा दोन धिरडी आणि सोबत घट्ट ग्रीक योगर्ट. आपला चक्काच तो, साखर न घातलेला. शंभर ग्रॅममध्ये नऊ-दहा ग्रॅम प्रथिनं असतात. मासे खाणाऱ्यांना बांगडा इथे मॅकरेल या नावाने स्वस्तात मिळतो. भात आहे, पण एक वाटी. तुपाची बरणी पुढे आली, चमचा मात्र लहान केला. आणि गंमत म्हणजे चार वाजताची बिस्किटं आपोआप सुटली, कारण भूकच लागत नव्हती.

ड जीवनसत्त्वाचं एक वाक्यात सांगते. थंडीत इथे सगळ्यांनीच रोज १० मायक्रोग्रॅम घ्यावं, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांनी वर्षभर घेण्याचा विचार करावा, असा एनएचएसचा सल्ला आहे. गोळी महाग नाही.

चालण्याबद्दल बोलते तेव्हा लोक माझ्यावर रागावतात. चाला, जरूर चाला. हृदयासाठी, साखरेसाठी, डोकं शांत राहायला चालण्यासारखं दुसरं काही नाही. आठवड्याला दीडशे मिनिटं दम लागेल असं चालायचं, हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच सूचनेतलं पुढचं वाक्य मात्र कुणाला आठवत नाही. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद लावायला लागेल असा व्यायाम, आणि पासष्टीपुढे तोल सांभाळण्याचाही. माझी दहा हजार पावलं मला सतरंजीवरून उठवू शकली नाहीत.

माझे वडील आटपाडीचे. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती आणि औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी शाळाशाळांत सूर्यनमस्कार सुरू केले होते. राजेसाहेबांचं सूर्यनमस्कारांवरचं पुस्तक १९३८ साली इथे लंडनमध्ये इंग्रजीत निघालं, लुईस मॉर्गन नावाच्या पत्रकार बाईंनी त्याचं संपादन केलं होतं. वडिलांची ती शाळेतली सवय ऐंशीच्या पुढेही सुटली नाही. रोज बारा घालायचे. शेवटच्या वर्षापर्यंत ते पाटावर बसून जेवले आणि हात न टेकता उठले. मी मात्र बारा वर्षांची असताना "बाबा, मला शाळेला उशीर होतोय" म्हणून जे सोडलं, ते सोडलंच.

मनगट बरं झाल्यावर पुन्हा नमस्कार घालणं मला जमेना, हातावर भार पेलवत नव्हता. म्हणून फिजिओथेरपिस्टने खुर्चीवरून उठ-बस शिकवली. मग भिंतीला हात लावून उभ्याने दंड. जिन्याच्या पहिल्या पायरीवर चवडे टेकवून टाचा वर-खाली. रबरी पट्टा दाराच्या कडीला अडकवून ओढायचा. स्वयंपाकघरात ओट्याला बोट लावून एका पायावर उभं राहायचं, चहा उकळेपर्यंत. पहिल्या महिन्यात काही फरक दिसला नाही, तिसऱ्या महिन्यात दिसला. सोपं झालं की वाढवायचं, हाच त्यातला मुद्दा. दोन वर्षं त्याच गुलाबी डंबेलने व्यायाम करत राहिलात तर डंबेल तेवढं झिजेल.

"आता या वयात काय होणार?" असं म्हणणाऱ्यांसाठी सांगते. १९९० साली अमेरिकेत बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. म्हणजे दुपटीहून जास्त. सत्तरीचे तुम्ही तर त्यांच्यापुढे तरुणच.

वजन कमी करण्याच्या इंजेक्शनांबद्दल हल्ली प्रत्येक पॉटलकमध्ये कुजबुज चालते, म्हणून तेही बोलून टाकते. ज्यांना डॉक्टरांनी दिली आहेत त्यांनी लाजू नये, काहींना त्यांचा फार उपयोग होतो. पण भूक मेली की प्रथिनंही जात नाहीत पोटात, आणि स्नायू वितळायचे ते वितळतातच. ती घेत असाल तर उसळ आणि उठ-बस तुम्हाला इतरांपेक्षा जास्त लागू. आणि ओळखीच्या ओळखीने मिळालेलं इंजेक्शन टोचून घेऊ नका, कुणी कितीही बारीक दिसत असलं तरी.

आज माझं वजन ६० आहे. लग्नाच्या दिवशीपेक्षा तीन किलो जास्त. साडीचा ब्लाउज खांद्यात घट्ट होतो, तो उसवून घेतला. ह्यांचं वजन दोन किलोंनी वाढलं आहे, कंबर दीड इंचाने उतरली आहे आणि एचबीए१सी ४४वर आलं आहे. डबे आता माझ्या ताब्यात असतात.

तर आता एक करू. न डगमगणारी, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. चक्कर येते, छातीत दुखतं किंवा नुकतं ऑपरेशन झालं आहे त्यांनी नुसतं बघायचं. बाकीच्यांनी बसा, हात छातीवर घडी घालून, पावलं जमिनीवर. मी 'सुरू' म्हटलं की पूर्ण उभं राहायचं, पूर्ण बसायचं, तीस सेकंद. हात टेकलात तर शून्य धरतात, तेव्हा प्रामाणिकपणे. साठ ते चौसष्टच्या बायकांना बारा आणि पुरुषांना चौदा तरी जमायला हवेत. सत्तर ते चौऱ्याहत्तरमध्ये बायकांना दहा, पुरुषांना बारा. मी पहिल्यांदा मोजले तेव्हा सहा झाले होते. तुमचा आकडा आजच्या तारखेसह फ्रिजवर लिहून ठेवा, महिन्याने पुन्हा मोजू.

आजी-आजोबा तयार? नातवंडांनी मोजायचं आणि चिडवायचं नाही. घड्याळ माझ्या हातात आहे. सुरू.