चित्रकार विद्यार्थ्यांस निमंत्रण

(सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या विद्यार्थी-बैठकीतील भाषण)



इलेक्ट्रॉनिक सिटीत, भावी अभियंत्यांपुढे उभे राहून चित्रांविषयी बोलावे, आणि तेही आमच्यासारख्या नुसत्या बी. ए. झालेल्या केंद्र सरकारी अधिकाऱ्याने, हे धाडसच होय. परंतु निमंत्रण द्यावयास पदवी लागत नाही. येथील महाविद्यालयांत शिकणारी आपली मुले चार पानांचे वृत्तपत्र काढतात. त्यातील मतलेख आम्ही आवडीने वाचतो. क्वचित रागानेही वाचतो. खंत एवढीच की, त्या लेखांना चित्र नसते. छायाचित्रे असतात, पण ती हारतुऱ्यांची.

मतलेखाचे चित्र म्हणजे लेखाखालची वेलबुट्टी नव्हे. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २१ सप्टेंबर १९७० पासून बाहेरच्या लेखकांच्या मतांसाठी स्वतंत्र पान सुरू केले. त्या पानावरील चित्रे मजकुराची नुसती री ओढीत नसत. ती आपले म्हणणे आपल्या परीने मांडीत. एक उदाहरण घेऊ. २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळुरात पाण्याची टंचाई झाली. त्यावरील लेखाला टँकरचे चित्र काढले, तर ते केवळ नावाची पाटी झाले. पण टँकरपुढे घागरी घेऊन या शहरातील तळीच रांगेत उभी आहेत असे काढले, तर वाचक थबकेल आणि मग लेखाकडे वळेल.

'आम्ही चित्रकलेचे विद्यार्थी नाही' ही सबब मात्र चालणार नाही. आर. के. लक्ष्मण यांना मुंबईच्या जे. जे. कलाशाळेने प्रवेश नाकारला. ते म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात शिकले, आणि विद्यार्थिदशेतच थोरले बंधू आर. के. नारायण यांच्या कथांना चित्रे काढू लागले. (तेही बी. ए.च होते, हे सांगताना आम्हांला किंचित अभिमान वाटतो.) डॉ. एम. शिवराम यांनी १९४२ साली बंगळुरात सुरू केलेल्या 'कोरवंजी' या कन्नड विनोदी मासिकातही त्यांची चित्रे येत. आणि ज्यांच्या रेषा पु. ल. देशपांडे यांच्या पुस्तकांतून आपल्या घरोघरी पोहोचल्या, ते वसंत सरवटे पेशाने स्थापत्य अभियंता होते.

आता एक कबुली. काही वर्षांपूर्वी मंडळाच्या अंकाचे संपादन आमच्याकडे होते. परप्रांती वाढणाऱ्या मुलांच्या मराठीविषयी एक लेख आला होता. येथेच शिकणाऱ्या एका मुलीने त्याला चित्र काढून दिले: हातात आजीचे पत्र धरून बसलेली नात. पत्रावरील अक्षरे उलटी होती. घाईत चूक झाली असावी असे समजून आम्ही ती मुद्रकाकडून सुलटी करून घेतली. अंक निघाल्यावर मुलगी भेटली. रागावली नाही. म्हणाली, "काका, पत्र उलटंच होतं. तिला ते वाचता येत नाही. मलाही येत नाही."

लेखकाला जे सांगावयास तीन पाने लागली, ते त्या उलट्या पत्राने एका दृष्टिक्षेपात सांगितले होते, आणि ते आम्ही दुरुस्त केले! सरकारी टिपणातील चुका काढण्यात तीस वर्षे घालविल्याचा हा परिणाम असावा. पुन्हा चित्र मागितले, तेव्हा तिने नम्रपणे नकार दिला.

म्हणून या वृत्तपत्राच्या संपादक मुलांकडून आम्ही एक वचन घेतले आहे: चित्रकाराला विचारल्यावाचून एक रेषाही बदलली जाणार नाही. लेख आठ दिवस आधी हाती पडेल. लेखकाशी वाद घालण्याची मुभा आहे; त्याचे मत पटले नाही, तर चित्र नाकारण्याचीही. अंक कृष्णधवल निघतो, तेव्हा रेषा ठळक असावी. कागदावर काढा, नाहीतर संगणकावर. चित्राखाली नाव लेखकाच्या नावाएवढ्याच टायपात येईल. मानधन नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

पुढील अंकाच्या तीन लेखांच्या प्रती दाराशी मेजावर ठेवल्या आहेत. एक वसतिगृहातील जेवणावर, दुसरा परीक्षांवर, तिसरा कन्नड शिकण्याविषयी. ज्यांना देवनागरी वाचणे जड जाते, त्यांनी संकोच करू नये. आम्ही सात वाजेपर्यंत तेथेच बसणार आहो, वाचून दाखवू.