बॅटरी कोणाच्या हातात आहे?

(रेडिओवरील भाषण)

ज्यांच्या गावाला थ्री फेजची पाळी रात्री असते, त्यांना पुढचं चित्र समजावून सांगायला नको. मध्यरात्री लाइट येते, मोटार चालू होते आणि घरातला एक जण दारं धरायला रानात निघतो. हातात बॅटरी. तिचा उजेड पडतो सुपाएवढा. त्या उजेडात सरी दिसते, पाण्याची धार दिसते, एखादा बेडूक दिसतो. बाकीचं शिवार सगळं अंधारात. माणूस घाबरतो ते बेडकाला नाही. सुपाच्या काठाबाहेर जे आहे, किंवा नाहीच, त्याला घाबरतो.

‘फाउंड फुटेज’ म्हणतात तो भयपटाचा प्रकार म्हणजे हीच बॅटरी. गोष्टीतल्याच कुणाच्या तरी हातात कॅमेरा असतो. माणूस नाहीसा होतो, चित्रण मागे राहतं आणि ते आपल्याला ‘सापडतं’. आजच्या भाषणाचा मुद्दा एकच आहे. बॅटरी कोणाच्या हातात आहे, आणि भीतीनं अंग कापत असतानाही तो ती खाली का ठेवत नाही? या प्रश्नाचं उत्तर ज्या सिनेमाकडे असतं तो घाबरवतो. ज्याच्याकडे नसतं तो नुसता हलतो.

अलीकडचं उदाहरण घेऊ. ७ जानेवारी २०२२ रोजी केन पार्सन्स या सोळा वर्षांच्या अमेरिकन मुलानं यूट्यूबवर एक छोटा व्हिडिओ टाकला, ‘द बॅकरूम्स’. नव्वदच्या दशकात मित्रांसोबत हौशी सिनेमा करणारा एक पोरगा कॅमेऱ्यासकट जमिनीतून खाली पडतो आणि पिवळ्या भिंतींच्या, ट्यूबलाइट गुणगुणणाऱ्या रिकाम्या खोल्यांत जाऊन पोहोचतो. खोलीला खोली, तिला आणखी खोली. माणूस नाही, खिडकी नाही. मूळ कल्पना त्याची नव्हती. अशा एका खोलीच्या फोटोवरून ती २०१९ पासून इंटरनेटवर फिरत होती. तो फोटो विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉश गावात एका दुकानाची दुरुस्ती चालू असताना काढलेला होता, हे २०२४ मध्ये शोधून निघालं. म्हणजे जगाची झोप उडवणारी जागा निघाली एक उसकटलेलं दुकान! पार्सन्सनं ती कॉम्प्युटरवर उभी केली, तीही ‘ब्लेंडर’ या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर. त्याची मालिका वाढत गेली आणि २०२३ मध्ये ए-ट्वेंटीफोर या कंपनीनं तिच्यावरचा चित्रपट जाहीर केला. दिग्दर्शन त्याच पोराकडे दिलं. तेव्हा त्याची विशीही उलटली नव्हती.

आता आपला प्रश्न. त्या पिवळ्या खोल्यांत बॅटरी कोणाच्या हातात आहे? एका साध्या पोराच्या. तो कॅमेरा खाली का ठेवत नाही? कारण पडला तेव्हा तोच एक त्याच्या हातात होता, आणि अनोळखी जागेत माणूस हातातली वस्तू सोडत नाही. रानात चोरपावलांचा आवाज आला की गडी बॅटरी टाकून पळतो का? उलट मूठ आणखी घट्ट होते.

याच्या आधीची गोष्ट जास्त शिकवणारी आहे. २० जून २००९ पासून अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातली काही तरुण मंडळी यूट्यूबवर ‘मार्बल हॉर्नेट्स’ नावाची मालिका टाकू लागली. ट्रॉय वॅग्नर आणि जोसेफ डिलाज ही त्यातली मुख्य नावं. गोष्ट अशी. ॲलेक्स नावाचा विद्यार्थी आपला सिनेमा अर्धवट सोडतो आणि टेपा जाळायला निघतो. त्याचा ‘जे’ नावाचा मित्र त्या मागून घेतो. टेपा पाहू लागतो, तर त्यांत सिनेमा कमी आणि ॲलेक्स स्वतःचंच चित्रण करतोय हे जास्त. घरात, गाडीत, अंगणात. का? तर कोणीतरी उंच, चेहरा नसलेला माणूस त्याच्या मागावर आहे. बघा, किती पक्कं उत्तर आहे! भीती वाटते म्हणून तो कॅमेरा धरतो, आणि कॅमेरा धरतो म्हणून भीती आपल्यापर्यंत येते. ही मालिका बरोबर पाच वर्षं चालली, २०१४ च्या जूनपर्यंत. दोन भागांमध्ये कधी दिवस जात, कधी महिने. त्या मधल्या काळात प्रेक्षक आपापल्या घरात त्या अंधाराकडे बघत बसायचा.

मग २०१५ मध्ये तिच्यावरून चित्रपट आला, ‘ऑल्वेज वॉचिंग’. दिग्दर्शक जेम्स मोरान. उंच माणसाच्या भूमिकेत डग जोन्स, म्हणजे अशा कामातला मुरलेला नट. बातमीदारांची एक तुकडी जप्तीतल्या घरांवर बातमी करायला जाते. एका घरातलं कुटुंब सामान टाकून नाहीसं झालेलं असतं, आणि तिथं टेपा सापडतात. कल्पना वाईट नाही. पण कॅमेरा आता पोट भरण्यासाठी कॅमेरा धरणाऱ्या माणसाच्या हातात गेला आणि पाच वर्षांचा अंधार दीड तासात कोंबला. कणसं मळायला खळ्यावर हॅलोजन लावतात तसं झालं. लख्ख दिसतं सगळं, आणि खळ्यावर कोणी भुताला भीत नाही.

वेबमालिकेवरून सिनेमा करणाऱ्यांची चूक बहुतेक इथंच होते. त्यांना वाटतं, पैसा आला की उजेड वाढवावा. कमी उजेडात भागवणारे सिनेमे पाहा. ‘ब्लेअर विच प्रोजेक्ट’ १९९९ चा. जंगलात तिघं नटच कॅमेरे धरून आठ दिवस हिंडले. कॅमेऱ्यातून पाहिलं की समोरचं जरा कमी खरं वाटतं, म्हणून त्यातली मुलगी तो सोडत नाही. पुन्हा तेच उत्तर. ओरेन पेलीनं ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ स्वतःच्याच घरात, सुमारे पंधरा हजार डॉलरमध्ये केला. तिथं रात्रीचा कॅमेरा कोणाच्याच हातात नाही, तिकाटण्यावर ठेवलेला आहे. बॅटरी खुंटीला अडकवून माणसं झोपी गेली, असं समजा. उजेड हलत नाही, त्यामुळे दुसरं काही हललं की लगेच कळतं.

आपल्याकडे काय झालं? मराठीत सापडलेल्या चित्रणाचा नाव घेण्याजोगा भयपट सांगता येत नाही. हिंदीत २०११ चा ‘रागिणी एमएमएस’ आहे. पवन कृपलानीचा. जोडपं मुंबईबाहेरच्या एका घरात जातं, भूत मराठी बोलतं, हा आपला त्यातला वाटा! पण त्यातले कॅमेरे पाहा. मुलीला न सांगता मुलानं ते घरात लपवून ठेवलेले आहेत. म्हणजे तो हात आधीच गुन्हेगाराचा. भूत येण्यापूर्वीच त्या घरात काहीतरी वाईट घडलेलं आहे, आणि तो सिनेमाचा सगळ्यात अस्सल भाग आहे. प्रेक्षकांनी मात्र भुताचीच चर्चा केली.

आणि ‘लपाछपी’. विशाल फुरियाचा, २०१७ मध्ये पडद्यावर आलेला. तो या प्रकारातला नाही, कॅमेरा कुठल्याच पात्राचा नाही. पण बीड जिल्ह्यात बसून भयपटावर बोलायचं आणि त्याचं नाव घ्यायचं नाही, हे शक्य नाही. आठ महिन्यांची गरोदर बाई आणि चारी बाजूंनी ऊस. ज्या जिल्ह्यातून दरवर्षी कोयते घेऊन लाखो माणसं कारखान्यांच्या वाटेला लागतात, त्याला उसाच्या पाचटाचा आवाज काय असतो ते माहीत आहे. सिनेमा ज्या नकोशा मुलींविषयी आहे त्याही इथं अनोळखी नाहीत. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे बीडमध्ये ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. त्या सिनेमातला कॅमेरा त्या बाईच्याच हातात असता तर... पण हे वेगळंच भाषण होईल.

स्टुडिओच्या काचेपलीकडून दोन बोटं वर झाली आहेत. म्हणजे दोन मिनिटं उरली. खरं तर गोष्टीतल्याच माणसाच्या हातून भीती पोहोचवायची ही युक्ती आधी रेडिओची, हे रेडिओवरच सांगायला हवं होतं. ३० ऑक्टोबर १९३८ ला ऑर्सन वेल्सनं मंगळावरच्या स्वारीचं नाटक बातमीपत्रासारखं वाचलं. बातमीदार बोलता बोलता गप्प होतो. काही क्षण नुसती शांतता. माइक कोणाच्या हातात होता, आणि आता कोणाच्या... असो.

मुद्दा निसटायला नको म्हणून पुन्हा. बॅटरी कोणाच्या हातात आहे? हा प्रश्न सिनेमापुरता ठेवू नका. २०२० च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली. ती भीती खरी होती आणि ती मेलेली माणसंही खरी. पण अशा दिवसांत बिबट्याचा कुठलाही व्हिडिओ हाती आला की तो आपल्याच शिवारातला म्हणून पुढं ढकलायची खोड आपल्याला आहे. कोणी काढला, कुठून काढला, काढणारा उभा कुठं होता, हे कोणी विचारतं का? एवढी शिकलेली पोरं घरात, पण अंगठा आधी चालतो!

आणि जून-जुलै २०२४ आठवा. जालना, छत्रपती संभाजीनगर आणि आपल्या बीड जिल्ह्यातही रात्री आकाशात ड्रोनचे दिवे फिरताना दिसले. गावोगावची पोरं काठ्या घेऊन जागली. कोणी म्हणे चोर टेहळणी करतात, कोणी म्हणे सर्वेक्षण चालू आहे. मोबाइलमध्ये काय आलं? काळा पडदा, त्यावर हलणारा एक ठिपका, आणि मागून कुजबुज. पार्सन्सला कॉम्प्युटरवर जे बसून घडवावं लागलं, ते इथं गच्चीवर उभं राहून मिळालं होतं. त्यात दिव्यापेक्षा ती कुजबुज मोलाची आहे, कारण कॅमेरा कोणाच्या हातात होता ते तीच सांगते.

तेव्हा एक विनंती. त्या रात्रींचे व्हिडिओ कोणाच्या मोबाइलमध्ये अजून असतील तर जागा कमी पडते म्हणून पुसून टाकू नका. वहीच्या एका पानावर तारीख, वेळ, गाव, कोणाच्या गच्चीवरून काढला आणि फोन कोणी धरला होता, एवढं लिहून ठेवा.