सोसायटीच्या कचेरीतले दिवे

आपल्या सोसायटीच्या कचेरीत पूर्वी एकच दिवा. तोही छताच्या मधोमध, पंख्याच्या वर. पंखा फिरला की वहीवर सावल्या नाचत. टेबल भिंतीला लावलेले, म्हणून लिहिणाऱ्याच्या डोक्याची सावली नेमकी आकड्यांवर पडे. एकदा आम्ही १ चा ९ वाचला. एका बाईंचे १००० चे कर्ज ९००० झाले! त्या बिचाऱ्या रात्रभर झोपल्या नाहीत. चूक आमचीच.

मग दिवे बदलायचे ठरले. दुकानदार म्हणाला, जास्त वॅटचा न्या. पण वॅट म्हणजे विजेचा खप. उजेड किती, ते ल्युमेनवरून कळते. तो आकडा खोक्यावर छापलेला असतो, वाचून घ्यावा. २० वॅटची एलईडी ट्यूब साधारण २००० ल्युमेन उजेड देते. आम्ही दोन घेतल्या. पंख्यापासून लांब, टेबलाच्या डाव्या-उजव्या अंगाला छतावर लावल्या. दोन्हीकडून उजेड आला की सावली फिकी पडते. झाकण दुधी घेतले, नाहीतर उजेड डोळ्यांत खुपतो. छताला चुनाही दिला. काळे छत उजेड खाते.

त्या बाई आता अंगठा देत नाहीत. वही वाचतात, मग सही करतात. परवा आमची एक बेरीज चुकलेली त्यांनीच दाखवली.