टीव्हीला आठवण असते



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे नुसतं 'टीव्ही' छापलंय. दोघींनी विचारलंही, मालिकांतल्या सासवांवर बोलणार का? नाही. सासवांवर आपलं पुष्कळ बोलून झालंय. मी टीव्ही या वस्तूबद्दल बोलणार आहे.

आपल्या सोलापुरात विडी वळणारी बाई घरीच काम करते. पान-तंबाखू आणायची, सूप मांडीवर घ्यायचं आणि हजाराचा हिशोब पुरा होईपर्यंत उठायचं नाही. हात आणि डोळे सुपात, कान तेवढे मोकळे. म्हणून वस्तीतल्या केंद्रासाठी आम्ही स्मार्ट टीव्ही घेतला. बायका सूप घेऊन येतील, वळता वळता कायद्याची, आरोग्याची माहिती ऐकतील.

काही दिवस बरं चाललं. मग एकेक अ‍ॅप रुसायला लागलं. एका दुपारी चाळीसेक बायका बसलेल्या, आणि पडद्यावर नुसतं चक्र फिरतंय. तासाभरात किती विड्या बुडतात हे प्रत्येकीला पाठ असतं. एक मावशी उठल्या, "ताई, यापरीस तुम्हीच तोंडानं सांगा की," म्हणाल्या आणि सूप उचलून चालू पडल्या. दुरुस्तीवाला म्हणाला, पडदा ठणठणीत आहे, आतला संगणक जुना झालाय; नवा टीव्ही घ्या. हे जगभर चाललंय. २०१०-११ सालच्या काही सॅमसंग टीव्हींवर नेटफ्लिक्स डिसेंबर २०१९ पासून बंद झालं, पडदे धडधाकट असताना!

पण मला खरी बोच आहे ती दुसऱ्या गोष्टीची. केंद्रातला टीव्ही बंद, म्हणून मी एका बाईला म्हटलं, कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यावरची फिल्म घरी बघ. तिनं नवरा कामावर असताना पाहिली. टीव्हीवरचं खातं नवऱ्याच्या नावाचं, तेच त्याच्या फोनवर. रात्री 'पाहिलेले व्हिडिओ' या यादीत त्याला ती फिल्म दिसली. पुढचं इथे सांगत नाही. ती आता माहेरी आहे, कोर्टात अर्ज केलाय.

एम.एस.डब्ल्यू.ला आम्ही गोपनीयतेवर पानंच्या पानं लिहिली. केसची फाइल कुलपात ठेवायची, बाईचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही. टीव्हीलाही आठवण असते, हे माझ्या डोक्यात आलं नाही. ती चूक माझी. अमेरिकेत व्हिझिओ या टीव्ही कंपनीवर, लोक काय पाहतात ते त्यांना न विचारता टिपल्याचा खटला झाला; २०१७ साली २२ लाख डॉलर भरून कंपनीनं तो मिटवला.

मग आम्ही नवा टीव्ही घेतला नाही. एका कार्यकर्तीच्या मुलीनं जुना लॅपटॉप दिला, त्याला एक हार्ड डिस्क जोडली. त्यावर जेलीफिन घातलं. २०१८ च्या अखेरीस स्वयंसेवकांनी सुरू केलेली ही प्रणाली फुकट मिळते. लॅपटॉपची एचडीएमआय वायर टीव्हीला लावली आणि टीव्हीचं इंटरनेट तोडलं. आता तो नुसता पडदा आहे. साध्या राउटरवरून तेच फोनवरही दिसतं, त्यालाही इंटरनेट लागत नाही. कोणी काय पाहिलं याची नोंद आपल्याच लॅपटॉपवर राहते आणि पुसता येते. पासवर्ड वस्तीतल्या तिघींकडे आहे. माझ्याकडे नाही, तसं मीच सुचवलं.

डिस्कवर काय ठेवायचं, यावर दोन बैठका भांडणात गेल्या. पोरींना सिनेमे हवे होते. दुसऱ्याचं विनापरवाना उतरवून ठेवायचं नाही असं ठरलं, त्या थोड्या हिरमुसल्या. मग आम्ही स्वतःच बोलून भरलं. आमच्या वस्तीत कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, काहींत कन्नड. कायद्याची माहिती मात्र सगळी पुस्तकी मराठीत! उठून गेलेल्या त्या मावशींनाच बोलावलं. संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज कसा करायचा, ते त्यांनी तेलुगूत सांगितलं, हातातलं काम न थांबवता. रेकॉर्डिंगमध्ये कात्रीचा आवाज येतो. तो तसाच ठेवलाय.

घरच्या टीव्हीचा प्रश्न यानं सुटलेला नाही. तिथे खातं अजून त्याचंच आहे. म्हणून आता कोणालाही 'घरी बघ' म्हणायचं नाही, 'केंद्रात ये' म्हणायचं, असा आमचा नियम आहे. लॅपटॉप बरोबर आणलाय. जेवणाच्या सुट्टीत मागच्या खोलीत लावते. ज्यांना जोडून बघायचंय त्यांनी या.