वाफेवरची मासळी



मोर्च्याचा माणूस स्वयंपाकावर बोलणार, हे वाचून काहींना हसू आले असेल. पण मजुरीची लढाई शेवटी ताटापर्यंतच पोचायची असते.

आपले शहर समुद्रापासून दूर; परंतु मासळीला पारखे नाही. १९६५ साली पायाभरणी झालेल्या जायकवाडी धरणाचा नाथसागर येथून सुमारे ५० किलोमीटर. तेथे भोई बांधव जाळी ओढतात, म्हणून रोहू, कटला आपल्या बाजारात येतात.

वाळूजला आमचे काही सभासद राहात. ते ईशान्येकडून आलेले. मासे तळल्याचा वास येतो म्हणून घरमालकाने त्यांना खोली सोडायला सांगितले. आम्ही शहाणपण शिकवले, "बाबांनो, तळू नका, वाफवा." त्यांनी त्याच संध्याकाळी मासळीचे गोळे वाफवून आमच्यापुढे ठेवले.

कृती सोपी आहे. रोहूच्या पाठीचे मांस चमच्याने खरवडून घ्यावे, म्हणजे बारीक काटे बरेचसे मागे राहतात. उरलेले बोटांनी चाचपून काढावेत. अर्धा किलो मांसाला एक सपाट चहाचा चमचा मीठ घालून चांगले मळावे. मिठाने मांसातले प्रथिन सुटून चिकट होते. पिठाची गरज राहात नाही. मांस आधी शिजवले तर ही चिकटाई गेलीच! मग आले, लसूण, मिरची, कोथिंबीर घालून सुपारीएवढे गोळे वळावेत. मोदकपात्रात हळदीचे किंवा केळीचे पान अंथरावे, पाणी उकळल्यावरच गोळे ठेवावेत आणि झाकणाला फडके बांधावे, म्हणजे थेंब गळत नाहीत. दहा मिनिटांनी एक गोळा फोडून पाहावा. आतपर्यंत पांढरा दिसला की झाले.

ही रीत परकी नाही. पारशी मंडळींची पातरानी मच्छी केळीच्या पानातच वाफवतात, आणि आपल्या मोदकाला तरी दुसरे काय लागते? तेल वाचते, कढईपुढे घाम गाळणाऱ्या गृहिणीचे श्रमही वाचतात.

आम्ही चवीने खात होतो. तेवढ्यात एकजण म्हणाला, "दादा, वास कमी केला. आता चेहराही झाकायचा का?"

आम्ही निरुत्तर झालो. दुसऱ्या दिवशी पुन्हा घरमालकाकडे गेलो. या खेपेस वासाबद्दल नव्हे, वेळेवर भाडे भरणाऱ्या माणसांच्या हक्काबद्दल बोललो. खोली राहिली.

तेव्हा मंडळी, मासळी अवश्य वाफवा. पण ती रुचते म्हणून, शेजाऱ्याच्या भीतीने नव्हे. आणि शेजारी तळत असेल, तर आपली खिडकी लावून घेण्याआधी त्याचे नाव विचारा.