सावलीचे वाटप

(भंडारदरा येथील कार्यकर्ता शिबिरात एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



डोंगरातल्या धरणाच्या काठी बसून शहरातील रस्त्यांच्या झाडांविषयी बोलणे आपल्यापैकी काहींना अप्रस्तुत वाटेल. पण विषय मला इथेच सुचला. समोरचे विल्सन धरण 1910 साली बांधायला घेतले आणि 1926 साली पुरे झाले. त्याचे पाणी संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीकडच्या उसाला गेले, आणि ज्या महादेव कोळी व ठाकर वस्त्यांच्या माथ्यावर पाऊस कोसळतो त्या उन्हाळ्यात हंडे घेऊन हिंडत राहिल्या. पाणी निसर्गाचे असते, त्याचे वाटप मात्र माणसांचे असते. हे सूत्र कार्यकर्त्यांना पाठ आहे. सावलीलाही ते लागू पडते, हे मात्र आपल्या ध्यानात आलेले नाही.

जून उजाडण्याआधी याच परिसरात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे लखलखतात आणि मुंबई-पुण्याचे लोक मोटारी भरून ते पाहायला येतात. त्यांची हौस मला खोटी वाटत नाही. परंतु घरी परतल्यावर आपल्या गल्लीतले झाड कोणी आणि का तोडले, हे विचारण्यास यांपैकी किती जण वॉर्ड कचेरीत जातात?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला झाडाचे गणित अवघड जाते, कारण झाड बाजारात येते ते मेल्यावर. जिवंत असताना त्याची किंमत शून्य, लाकूड झाले की घनफुटावर भाव. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या एका तज्ज्ञ समितीने 2021 साली हिशेब मांडला की झाडाचे मोल वर्षाला 74,500 रुपये धरून त्याला वयाने गुणावे. आकड्यावर वाद होईल, व्हावा. पण त्यामागचा विचार आपल्याकडे नवा नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे 1715 च्या सुमारास, आंबा-फणसासारखी झाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, म्हणून धन्याला राजी करून व मोबदला देऊनच तोडावीत, अशी ताकीद आहे. झाडात साठलेला काळ पैशाने परत आणता येत नाही, हे त्या कारभाऱ्याला कळत होते.

कायदा आपल्याकडे आहे. महाराष्ट्राने 1975 साली नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा अधिनियम केला, वृक्ष प्राधिकरणे निर्माण केली आणि दर पाच वर्षांनी वृक्षगणना बंधनकारक केली. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आला आणि जितक्या वर्षांचे झाड तुटेल तितकी नवी झाडे लावावीत असे ठरले. ऐकायला हे न्याय्य वाटते. साठ वर्षांचा वड गेला तर साठ रोपे. पण ती कुठे? ज्या रस्त्यावरून वड गेला तिथे साठ खड्ड्यांना जागा नसते. रोपे गावकुसाबाहेरच्या एखाद्या माळावर जातात आणि वडाखाली बसणारा माणूस उन्हातच राहतो. भरपाई झाडाची होते, त्या माणसाची होत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी ज्या गावी शिकवीत होतो तिथे महाविद्यालयाच्या फाटकासमोर एक जुना कडुनिंब होता. त्याखाली एक चांभार, एक सायकलदुरुस्तीवाला आणि भाजीची पाटी घेऊन येणारी एक बाई. रस्तारुंदीत निंब गेला. चांभाराने महिनाभर छत्री बांधून पाहिली, मग तो दिसेनासा झाला. आम्ही प्राध्यापक मंडळींनी एक निवेदन दिले, त्यात झाडाविषयी दोन पाने होती आणि त्या तिघांविषयी एक ओळही नव्हती. ते निवेदन मीच लिहिले होते.

हातगाडीवाला, सफाई कामगार, रस्त्याच्या कामावरची मजूर बाई यांना पंखा नाही, वातानुकूलन नाही. सावली हा त्यांच्या मजुरीचाच एक भाग असतो. आणि ती कोणाला मिळते? मुंबईत 1896 च्या प्लेगनंतर, 1898 साली, इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने आखलेल्या दादरच्या पारशी कॉलनीत रस्त्यांसोबत झाडांचाही विचार झाला. ती झाडे आजही पाहावीत अशी आहेत. तिथून धारावी चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे झाड शोधावे लागते. अमेरिकेतही वेगळे घडले नाही. 1930 च्या दशकात ज्या वस्त्यांना कर्जासाठी लाल शाईने नालायक ठरवले, तिथे आज झाडांचे छत्र सरासरी 23 टक्के जमिनीवर आहे आणि तेव्हाच्या उत्तम श्रेणीच्या वस्त्यांत 43 टक्के, असे 37 शहरांच्या अभ्यासात दिसले.

मुंबईच्या 2018 च्या गणनेत सुमारे 29 लाख 75 हजार झाडे भरली. आकडा दिपवणारा आहे. पण त्यातली रस्त्याच्या कडेची झाडे दोन लाखांच्या आतच होती; निम्म्याहून अधिक खासगी आवारांत, म्हणजे कुंपणाच्या आत. 2019 च्या ऑक्टोबरात आरेमध्ये एका रात्रीत कुऱ्हाड चालली तेव्हा तरुण मुले-मुली अटक पत्करून उभी राहिली. त्यांना माझा सलाम. मात्र रस्त्याकडेचे झाड रात्रीत क्वचितच मरते. बुंध्यापर्यंत सिमेंट ओतून, गटारासाठी मुळे कापून, तारांसाठी एकाच बाजूच्या फांद्या छाटून ते दहा वर्षे मारले जाते. मग पावसाळ्यात ते कोणाच्या अंगावर कोसळते आणि झाडेच धोकादायक अशी ओरड होते. बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा, असा हरित न्यायाधिकरणाचा 2013 चा आदेश आहे. आपल्या गावात टेप घेऊन मोजा.

गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेचा, म्हणून ते उपटा असे म्हणणाऱ्यांत मी नाही. पण नवे लावताना करंज, कडुनिंब, बहावा, ताम्हण, जांभूळ यांचा आग्रह धरावा, आणि एकाच जातीची रांग लावू नये. कीड आली तर सारी रांग जाते.

खरा प्रश्न अंदाजपत्रकाचा आहे. वृक्षारोपणाला छायाचित्र असते, पाणी घालण्याला नसते. रोपांची खरेदी ठेकेदाराला सोयीची पडते. रोज टँकरवर जाणारा माळी मात्र वर्षानुवर्षे कंत्राटी राहतो, आणि रोप जगले की मेले याच्याशी त्याच्या रोजगाराचा संबंध ठेवलेला नसतो. तीन वर्षांनी किती रोपे जिवंत आहेत हे मोजून बिल द्यावे, आणि माळ्याला कायम करावे, ही मागणी आपल्या कामगार संघटनेने हाती घ्यायला हवी. ती पर्यावरणवाद्यांवर सोडून चालणार नाही.

आणखी एक. हा कायदा महापालिका, नगरपालिका, नगरपंचायतींना लागू आहे. अकोल्याला लागू, संगमनेरला लागू. इथल्या शेंडी गावाला नाही. इथे हॉटेले वाढत आहेत, वाहनतळ होत आहेत आणि रस्ता शहरासारखाच रुंद मागितला जाईल. दुपारच्या सत्रात स्थानिक मित्र बोलणार आहेत. ग्रामसभेच्या ठरावाने रस्त्याकडेची झाडे नोंदवून घेता येतील का, हे त्यांच्याकडून मला समजून घ्यायचे आहे.